आम्ही की आपण

तिसऱ्यांदा परत आला निबंध.
दुसऱ्या परीक्षकाचा शेरा एका ओळीचा:
भाषा सदोष. मातृभाषा असलेल्या व्यक्तीकडून तपासून घ्यावी.

मातृभाषा असलेली व्यक्ती
चुलीपाशी बटाटे सोलत बसली होती.
म्हटलं, आई, तपासतेस का?
आधी हा धर, म्हणाली,
आणि गाठीगाठींचा, वेडावाकडा एक बटाटा हातात दिला.
आमच्याकडे त्याचं नाव 'सुनेला रडवणारा'.
नवी सून आली की सासू हाच देते सोलायला,
आणि मग सालाची जाडी बघते.
निबंधात त्याचं नाव नमुना क्रमांक सतरा.

इंग्रजी सुधारून देणारी कंपनी
शब्दाला आठ सेंट घेते.
माझा पगार सोलमध्ये, तोही कुस्कोहून उशिरा येतो.
म्हणून रात्री बारापर्यंत शब्द खुडत बसले.
विशेषणं पहिल्यांदा गेली.
मग एव्हारिस्तोकाकांचं ते वाक्य,
की शेत दर पिढीला एक पाऊल डोंगर चढतं
आणि आता पावलं संपत आली, वर नुसता दगड.
अठरा शब्द. एक डॉलर चव्वेचाळीस.
त्यांच्या जागी आकडा टाकला.
आकडा कितीही मोठा असो, एकच शब्द मोजतात.

सुधारून आलेल्या मजकुरात
समासात लाल अक्षरांत एक प्रश्न होता:
'वी' म्हणजे नक्की कोण? लेखिका तर एकटीच दिसते.

कोण?
केचुआत दोन शब्द आहेत.
न्योकायकू: आम्ही. तुम्ही त्यात नाही.
न्योकान्चिस: आपण. तुम्हीही या, बसा.
स्पॅनिशमध्ये दोहोंना एकच, इंग्रजीतही एकच,
दारात उभ्या माणसाला कळतच नाही त्यातून
की आत बोलावलंय की नुसतं ऐकवलंय.
खोदलं आईनं. वजन केलं फोर्तुनाताच्या दोन पोरांनी.
पहाटेचं हीव मोजलं काकांनी,
माझ्या थर्मामीटरच्या आधी, पायाच्या अंगठ्यानं.
मी काही उत्तर दिलं नाही.
कंपनीनंच वाक्य फिरवलं:
नमुने गोळा करण्यात आले.
कोणी केले, ते धुक्यात.

छापून आला. वाचायचे चाळीस डॉलर.
मला एक प्रत फुकट मिळाली, ती घेऊन
शाळेच्या पटांगणात, गावाच्या बैठकीत
मी तो केचुआत सांगायला उभी राहिले.
दुसऱ्याच पानावर अडले.
'सांख्यिकीय सार्थकता' ला काय म्हणायचं?
फिरवून फिरवून सांगितलं, शेंगदाणे मांडून दाखवले.
एव्हारिस्तोकाका म्हणाले,
म्हणजे योगायोग नव्हे, एवढंच ना?
हो, म्हटलं.
मग सरळ सांग की. शेंगदाणे खाऊ का आता?

आणि सगळे हसत असताना
आईनं फोटोवर बोट ठेवलं.
हा तो नव्हे.
हा त्याचा भाऊ. दिसतो तसाच, पण कापलास तर
पोटात जांभळी कडी असते.
करपा याला धरत नाही. त्याला धरतो.
तू दोघांना एक केलंयस.

तीन परीक्षक. एक संपादक.
आठ सेंटांनी तपासलेला प्रत्येक शब्द.
एकालाही बटाटा कापून बघावासा वाटला नाही,
मलासुद्धा.

आता शुद्धिपत्र लिहायला बसलेय.
त्याचे दर वेगळे आहेत, विचारून घेतले.
मातृभाषा असलेल्या व्यक्तीनं तपासलं, असं लिहीन,
नाव घालीन: मार्सेलिना उआमान, बटाटे लावणारी,
मग कितीही सेंट पडोत.
पण पहिलाच शब्द अडलाय.
चूक माझी, ती सापडली आमच्या पटांगणात,
आणि करपा उद्या कोणाच्याही शेतात जाईल.

आई म्हणते, लिहिशील गं सावकाश.
हातातला आधी सोल.
आणि साल पातळ काढ, मी बघतेय.